उजेडातून कण

परवा घरच्या गप्पांत मामा म्हणाले, "सगळं विश्व प्रकाशातूनच झालं, हे आपल्याकडे केव्हाच माहीत होतं." मी वाद घातला नाही. (मामांशी वाद घालून कोण जिंकलंय?) पण ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

प्रकाशातून पदार्थ होतो हे खरं आहे. मला मात्र ते कळलं कसं, ही गोष्ट जास्त आवडते. १९३२ साली अमेरिकेत कार्ल अँडरसनला विश्वकिरणांच्या फोटोत एक रेघ उलटीच वळलेली दिसली. इलेक्ट्रॉनसारखाच कण, पण धनभारित : पॉझिट्रॉन. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये ब्लॅकेट आणि ओक्यालिनी यांना असे कण झुंडीनं येताना दिसले. अर्थ लागला तो असा. गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, फक्त फार ताकदवान. अणुकेंद्राजवळून जाताना त्यात १०.२ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टहून जास्त ऊर्जा असेल, तर तो नाहीसा होऊ शकतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी उरते!

इथे आपले मुंबईकर येतात, होमी भाभा. १९३७ मध्ये त्यांनी हाइटलरबरोबर (हिटलर नव्हे हो, उलट हिटलर आल्यावर जर्मनी सोडलेला माणूस) त्या झुंडींचं गणित मांडलं. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना गॅमा किरण सोडतो, त्यातून जोडी होते, जोडीतून पुन्हा गॅमा... वर आकाशात एक कण शिरतो आणि खाली कणांची सर येते. त्याच वर्षी अमेरिकेत ओपेनहायमर आणि कार्लसन यांनीही हेच मांडलं.

पण या सगळ्यात अणुकेंद्राची मदत लागते. नुसता उजेड उजेडावर आदळला तर? ब्राइट आणि व्हीलर यांनी १९३४ मध्येच हिशेब केला होता. प्रयोगशाळेत हे जमण्याची त्यांना आशाच नव्हती. स्टॅनफर्डला लेझर वापरून ते जमलं, पण निकाल आला १९९७ मध्ये. मिळाले किती, तर शंभरेक पॉझिट्रॉन.

आता मामांच्या मुद्द्यातली गोम. प्रकाशातून कण येतात ते जोडीनंच, आणि दोघं भेटले की पुन्हा प्रकाश. जमाखर्च शून्य. मग सुरुवातीला सगळं असंच झालं असेल, तर आज नुसता उजेडच असायला हवा होता.

मामांना हे फोनवर सांगितलं. जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग आपण उरलो कसे रे?"

म्हटलं, "मामा, तेच तर अजून कुणाला कळलेलं नाही."