धातूवरील लहरी : एका जुन्या दोषाचा इतिहास

आमचा धाकटा भाचा पुण्याजवळील एका कारखान्यात मिलिंग मशीनवर काम करतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला तो खिन्न मुद्रेने. त्याने कापलेल्या जॉबवर बारीक लहरी उमटल्या, माल नापास झाला, दोष त्याच्या हातावर आला आणि एका दिवसाचा पगार कापला गेला. आम्ही पेशाने शिक्षक. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु हा दोष खरोखर कोणाचा, याचा शोध घेता घेता अडीचशे वर्षांचा इतिहास हाती आला. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतील मुले आज यंत्रापुढे उभी असल्यामुळे तो येथे सांगतो.

जेम्स वॅटचे वाफेचे यंत्र बरीच वर्षे अडून राहिले, याचे एक मोठे कारण म्हणजे सिलिंडर आतून नीट गोल कोरता येत नसे. कोरणारा दांडा एकाच टोकास धरलेला, त्यामुळे दुसरे टोक लटपटे. इंग्लंडातील जॉन विल्किन्सन याने १७७५ च्या सुमारास दांडा सिलिंडरातून आरपार नेऊन दोन्ही टोकांस आधार दिला. पुढल्याच वर्षी वॅटचा भागीदार बोल्टन याने लिहून ठेवले की, पन्नास इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगाच्या जाडीएवढीही चूक नाही. तेव्हाची अचूकता ती एवढी!

१८४० मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने सपाट पृष्ठ तयार करण्याची रीत मांडली : तीन पाट आळीपाळीने एकमेकांशी ताडावयाचे व उंचवटे खरवडावयाचे. दोनच घेतले तर एक खोलगट व एक फुगीर असूनही ते बेमालूम जुळतात. (वर्गातील दोन मुलांची उत्तरे जुळली म्हणजे ती बरोबरच असतात असे नाही, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक होते.)

पुढे १८६२ मध्ये अमेरिकेत जोसेफ ब्राउन याने ड्रिलचे पिळदार चर कापण्याकरिता युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनविले. मिलिंगचा कटर अखंड कापीत नाही. त्याचा एकेक दात धातूवर आदळतो. थरथरीस आयतेच निमित्त! धातुकर्तनावर सव्वीस वर्षे प्रयोग करणाऱ्या फ्रेडरिक टेलर यानेही १९०६ मध्ये हा कंपाचा प्रश्न सर्वांत दुर्बोध असल्याची कबुली दिली.

उलगडा झाला तो १९५० नंतरच्या दशकात, प्रामुख्याने टोबायस व प्राग येथील टलुस्टी यांच्या संशोधनाने. एक दात थरथरत गेला की मागे लहर ठेवतो. पुढचा दात त्या लहरीवर चालतो, म्हणून कीस कोठे जाड, कोठे पातळ निघतो. त्याने जोर कमीजास्त होऊन थरथर आणखी वाढते. मात्र दोन दातांमधील वेळात पूर्ण लहरी बसल्या, तर पुढचा दात मागच्याच्या ठशावर जुळून चालतो व कीस एकसारखा निघतो. चार दातांचा कटर मिनिटास ३,००० फेरे घेई, तर सेकंदास २०० आघात होतात. यंत्राचा कंप सेकंदास सुमारे ६०० असल्यास दर आघातामागे तीन लहरी पडतात. म्हणूनच कित्येकदा वेग कमी करून न थांबलेली थरथर वेग वाढवून थांबते.

भाच्याच्या मुकादमास हे प्रथम मुळीच पटेना. अखेरीस कटर पकडीबाहेर थोडा आखूड ठेवून व फेरे वाढवून पाहिले, तेव्हा आवाज बसला आणि जॉब स्वच्छ निघाला. कापलेला पगार मात्र अद्याप परत मिळालेला नाही.