दप्तर : कचेरीतून मुलाच्या खांद्यावर

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की यात इतिहास कसला? लहान मुलासाठी घरी शिवलेली पिशवी. एखादी आजी, आत्या नाहीतर मावशी उरलेलं कापड काढते, दुपारी मशीनवर बसते आणि संध्याकाळी पोराच्या हातात पिशवी देते. पण या पिशवीला आपण जे नाव दिलं आहे, तिथूनच सुरुवात करू.

'दप्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्याही मागे गेलो तर ग्रीक 'दिफ्थेरा' हा शब्द सापडतो. त्याचा अर्थ कमावलेलं कातडं, म्हणजे लिहिण्यासाठी तयार केलेलं चामडं. पुढे त्याचा अर्थ वही, नोंद, हिशेब आणि मग कचेरी असा सरकत गेला. मराठी राज्यकारभारात दप्तर म्हणजे सरकारी कागदपत्रं. पुण्यातलं पेशवे दप्तर आपल्याला माहीत आहेच. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले.

आता हे कागद ठेवलेले कशात असायचे? कापडात. कागद एकत्र करायचे, चौकोनी फडक्यात बांधायचे, वर गाठ मारायची. त्याला 'रुमाल' म्हणतात. अभ्यासक आजही "अमुक रुमालातला कागद" असंच बोलतात. म्हणजे बघा, राज्याचा हिशेब आणि पोराची पाटी या दोन्ही गोष्टी आपण एकाच पद्धतीने, कापडात बांधून ठेवल्या आणि दोन्हींना एकच नाव दिलं.

शाळेचं दप्तर आधी असंच फडक्यात बांधलेलं असे. पिशवी आली ती शिवणकामाबरोबर. इथे दोन गोष्टी जुळून आल्या. पहिली, कापड. मुंबईतली पहिली कापसाची गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पुढच्या दशकांत गिरण्या वाढल्या आणि जाड, धुवट, टिकाऊ सुती कापड साध्या घरांतही आलं. दुसरी, शिवणयंत्र. आयझॅक सिंगरने अमेरिकेत १८५१ मध्ये पेटंट घेतलं. हप्त्याने यंत्र विकायची युक्तीही याच कंपनीने रुजवली. आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' हे देशी यंत्र आणलं, आणि हळूहळू पायमशीन घराघरांत दिसू लागलं.

एक गंमत सांगतो. यंत्रांबद्दल साशंक असणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला. बायकोचे शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते शोधलं, असं त्यांनी सांगितलं. प्रत्यक्षातला इतिहास इतका हळवा नाही. बोस्टनच्या एका कारखान्यात, दुसऱ्यांनी बनवलेल्या यंत्रात सुधारणा करताना ते तयार झालं, आणि पुढे पेटंटवरून बरेच खटले चालले. पण गांधीजींच्या मनात जो प्रश्न होता तो खरा होता: घरातल्या शिवणाला किती वेळ आणि किती श्रम लागतात?

या श्रमाला दोन वाटा फुटल्या. एक कमाईची. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं, तिथे शिवणाचे वर्ग होते. विधवा, परित्यक्ता बायकांना शिवण म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं साधन होतं. दुसरी वाट घरातली. तिथे शिवलेल्याचे पैसे नाहीत आणि नोंदही नाही. फक्त घरकाम करणारी बाई आपल्या जनगणनेत 'काम न करणारी' ठरते. मग तिने वर्षभरात चार दप्तरं, दोन कुंच्या आणि सहा पिशव्या शिवल्या तरी त्या कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

म्हणून आपण वस्तूकडेच पाहायला शिकलं पाहिजे. जुनं घरगुती दप्तर हातात घेतलं तर ते बोलतं. कापड जुन्या पँटचं आहे का? मग शिवणारीने फाटलेला गुडघा टाळून मांडीचा भाग घेतला असणार. तळाला दुहेरी कापड आहे? आत लाकडी चौकटीची पाटी असायची, तिचे कोपरे कापड कुरतडतात. आत पेन्सिलीसाठी वेगळा कप्पा, बाहेर साखळी टाक्यात नाव, पट्टा मुद्दाम लांब ठेवून दुमडलेला, म्हणजे पोर वाढलं की उसवून लांब करता येईल. यातला प्रत्येक निर्णय त्या एका मुलाकडे बघून घेतलेला आहे. बाजारातल्या दप्तराला हे जमत नाही, कारण ते कोणासाठी शिवतोय हे तिथे कुणाला ठाऊक नसतं.

पुढे रेक्झिन आलं, नायलॉन आलं, आणि दप्तर जड झालं. यशपाल समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. २०२० च्या केंद्रीय धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं म्हटलं आहे. आता हिशेब करा. १८ किलोच्या मुलाला १ किलो ८०० ग्रॅम. रिकामी बॅगच पाऊण किलोची असेल तर पुस्तकांना उरलं किती? साधी सुती पिशवी यात फार थोडं वजन खाते.

शेवटी एक विनंती. पेशवे दप्तरातले कागद टिकले, कारण कुणीतरी ते बांधून ठेवले. घरची दप्तरं मात्र वापरून विरतात, मग त्यांचं पायपुसणं होतं, आणि ते योग्यच आहे. पण घरात एखादं उरलं असेल तर एका चिठ्ठीवर कोणी शिवलं, कोणासाठी, कुठल्या कापडाचं, साधारण कधी, एवढं लिहून आत ठेवा. आणि यंदा एखाद्या लहानग्यासाठी शिवणार असाल, तर बाहेर त्याचं नाव घालालच; आतल्या शिवणीजवळ तुमचं नाव आणि सालही घाला.