दारूची वेळ आणि सभेची वेळ

दारू सोडू पाहणाऱ्याला ‘एखाद्या ग्रुपला जात जा’ असा सल्ला डॉक्टर देतात, नातेवाईकही देतात. कुठल्या ग्रुपला, कोणत्या वारी, किती वाजता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तेवढ्यावरून कितीतरी जणांची पहिली सभा कायमची राहून जाते. म्हणून सभा शोधणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. आणि हा शोध पत्त्यापासून नव्हे, घड्याळापासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण तलफेच्या स्वभावात आहे. ती दिवसभर सारखी नसते. काम सुटल्यावर, पगाराच्या दिवशी, रविवारी जेवणाआधी, अशा ठरलेल्या वेळी ती उसळते, कारण वर्षानुवर्षांच्या सवयीने मेंदूने ती वेळ आणि दारू यांची गाठ मारून ठेवलेली असते. संध्याकाळी सातला ज्याची पावले गुत्त्याकडे वळतात, त्याला सकाळी अकराची सभा घराशेजारी असूनही फारशी उपयोगी नाही. सातची सभा दोन स्टेशने पलीकडे असली तरी ती त्याच्यासाठी बरी.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेचा उगमच अशा एका वेळेत आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल डब्ल्यू. धंद्यातले अपयश घेऊन ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरी एका हॉटेलात एकटा अडकला होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले, शनिवार, आणि बार हाकेच्या अंतरावर. त्याने लॉबीतली चर्चची यादी पाहून फोन लावायला घेतले. त्याला हवा होता आपल्यासारखाच एक दारुडा, बोलायला. दुसऱ्या दिवशी त्याची शल्यचिकित्सक डॉ. बॉब यांच्याशी गाठ पडली. बॉब यांची दारू कायमची सुटली तो १० जून १९३५ हा दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो.

शोधाला लागण्यापूर्वी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर हातपाय थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रमाची अवस्था जिवावर बेतू शकते. अशा माणसाने आधी डॉक्टरांना गाठावे. सभेत औषध मिळत नाही.

सभांचे दोन प्रकार आहेत. खुल्या सभेला घरचे, विद्यार्थी, कोणीही बसू शकते; बंद सभा फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. सदस्य होण्याची अट एकच: पिणे थांबवण्याची इच्छा. फी नाही, शेवटी टोपली फिरते, ऐपत असेल त्याने टाकावे, आणि बाहेरची देणगी संघटना घेत नाही. म्हणूनच जागा साध्या असतात: शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, रुग्णालयातली खोली. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसे गुडघे आखडून बसतात आणि एकेक जण आपले नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक’ म्हणत बोलू लागतो. मधे कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही. परीक्षा किंवा सुट्टीमुळे वर्ग मिळाला नाही तर सभा हलते. छापील यादीवर विसंबू नये, त्याच दिवशी फोन करून खात्री करावी. फोनवर भाषाही विचारावी. आपली लाज माणूस दुसऱ्याच्या भाषेत सांगू शकत नाही.

चौकशी एएच्या मदतवाहिनीवर, सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात करावी. पुण्यात १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण आणि फादर जो परेरा यांचे कृपा फाउंडेशन ही त्यांतली मोठी नावे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६.

नुसता पत्ता पुरत नाही, याचा एक लहानसा पण बोलका पुरावा आहे. १९८१ साली सिसन आणि मॅलम्स या संशोधकांनी वीस रुग्णांवर प्रयोग केला. दहा जणांना सभेची माहिती दिली. उरलेल्या दहांसाठी समुपदेशकाने त्यांच्यासमोरच एका जुन्या सदस्याला फोन लावला, आणि त्या सदस्याने सोबत न्यायचे कबूल केले. हे दहाही सभेला पोचले. माहिती मिळालेल्यांपैकी एकही नाही. पुढे २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्ण होते. रुग्णाला एएच्या बारा पायऱ्यांच्या मार्गाशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या कसोटीवर इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. तेव्हा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने समोरच फोन लावून द्यावा, हे मी आग्रहाने म्हणतो.

‘ओळखीचे कोणी दिसले तर?’ ही भीती खरी आहे, विशेषतः लहान गावात आणि बायकांच्या बाबतीत. ओळखीचा दिसला तर तोही त्याच दुखण्याने तिथे आलेला असतो, आणि सभेतले बोलणे बाहेर न्यायचे नाही हा नियम दोघांनाही बांधतो. तरीही मन धजत नसेल तर सुरुवात शेजारच्या तालुक्यातून किंवा ऑनलाइन सभेपासून करायला हरकत नाही. ग्रुप नसेल तिथे दोघे-तिघे नियमाने भेटू लागले तरी एएच्या परंपरेनुसार तो ग्रुपच.

आणि पिणारा यायला तयारच नसेल, तर घरच्यांनी त्याच्यासाठी थांबू नये. त्यांच्यासाठी १९५१ पासून अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे; मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. तिथे जायला नवऱ्याची दारू सुटलेली असण्याची गरज नाही, त्याची परवानगीही लागत नाही.