डोमेन नेम म्हणजे काय? सातबाऱ्याच्या लिंकवरून समजून घेऊया

मागे भोरहून मामांचा मेसेज आला, "सातबारा बघायची साईट हीच का रे?" खाली लिंक आणि शासनाचा लोगो. मी फक्त लिंकमधलं डोमेन नेम वाचलं आणि लगेच कळवलं, "मामा, उघडू नका." ते कसं ओळखलं, तेच इथे सांगतो.

नाव कशासाठी?
इंटरनेटवर सर्व्हरला आयपी ॲड्रेस, म्हणजे आकडी पत्ता असतो. ते आकडे कोण लक्षात ठेवणार? फोनमध्ये 'मामा' दाबलं की नंबर लागतो, तसं आपण डोमेन नेम टाकलं की डीएनएस ही यंत्रणा त्याचा आकडा शोधून देते. तिचा आराखडा पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये मांडला.

उजवीकडून वाचा
'मु. पो. पानशेत, ता. राजगड, जि. पुणे' या पत्त्यात मोठी जागा शेवटी येते. डोमेनचंही तसंच. सातबाऱ्याची खरी साईट आहे 'भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन'. भोर असो की राजगड, सातबारा इथेच दिसतो.

- इन: भारताचं डोमेन
- जीओव्ही: 'जीओव्ही डॉट इन' फक्त सरकारी यंत्रणांना मिळतं
- महाभूमी: राज्याच्या भूमी अभिलेख विभागाचं डोमेन
- भूलेख: त्यातला सातबारा, 8-अ पाहायचा भाग, म्हणजे सबडोमेन

मामांची लिंक साधारण अशी होती: 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट अमुक डॉट कॉम'. उजवीकडून वाचलं तर मालक 'अमुक डॉट कॉम'! त्याच्या डावीकडे मालक काहीही लिहू शकतो, जीओव्हीसुद्धा. म्हणून पहिल्या तिरक्या रेघेच्या (/) आधीचा शेवटचा भाग बघायचा. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. आपली माहिती वाटेत कोणी वाचणार नाही, एवढंच ते सांगतं. समोरचा खरा आहे याची खात्री ते देत नाही.

स्वतःचं डोमेन हवंय?
डॉट कॉम किंवा डॉट इन कोणीही रजिस्ट्रारकडून घेऊ शकतो. ते कायमचं विकत मिळत नाही, वर्षाच्या हिशोबाने पैसे भरावे लागतात. मुदत संपून रिन्यू केलं नाही, तर पुढे दुसरा कोणी ते घेऊ शकतो. देवनागरीत 'डॉट भारत' 2014 पासून मिळतं.

आधार क्रमांक किंवा ओटीपी टाकण्याआधी डोमेन एकदा उजवीकडून वाचा. घरच्या मोठ्यांनाही दाखवा.