पाच बोल्ट आणि रुंद रिम : जीपपासून जिप्सीपर्यंत



आजचा विषय चाकाचा. टायर बाजूला ठेवा, त्याच्या आतली लोखंडी रिम डोळ्यांसमोर आणा. बेंगळुरूसारख्या शहरात सैन्यातून लिलावात निघालेली जिप्सी किंवा जोंगा घेणारे हौशी लोक भरपूर. सकलेशपूरचा घाट, कोडगूचा चिखल आणि रामनगरचे खडक शनिवार-रविवारी गाठता येतील इतके जवळ. गाडी हातात आली की पहिला बेत ठरतो तो रुंद रिमांचा. जे. सी. रोडच्या सुट्या भागांच्या बाजारात चक्कर होते, एखाद्या वर्कशॉपमध्ये माप दिलं जातं आणि काही दिवसांत गाडी पैलवानासारखी पाय फाकवून उभी राहते. हे इतकं सोपं का झालं आणि त्याची किंमत गाडीचा कुठला भाग मोजतो, हे आज बघू.

सुरुवात १९४१ पासून. अमेरिकी सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी महायुद्धात साडेसहा लाखांच्या आसपास जीप बनवल्या. त्या जीपचं चाक आजच्या डोळ्यांना अगदी बारीक वाटेल. रिम साडेचार इंच रुंद, टायर सहा इंची, व्यास सोळा इंच. चाक हबला धरून ठेवायला पाच बोल्ट, आणि त्या पाच बोल्टांच्या मध्यांतून वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा.

युद्ध संपलं आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली. जीप भारतीय सैन्यात गेली, सरकारी खात्यांत गेली, आपल्या तालुक्याच्या गावांत तर ‘जीपगाडी’ हा शब्दच रुळला. तिच्याबरोबर ते पाच बोल्टांचं वर्तुळही आलं. पुढे डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीने जिप्सी आणली. मूळ जपानी सुझुकीचं, इंजिन ९७० सीसीचं. गाडी वेगळी, देश वेगळा, पण बोल्टांचं वर्तुळ तेच, १३९.७. १९९१ पासून जिप्सी सैन्यात दाखल झाली आणि जीपची जागा हळूहळू तिने घेतली.

त्यामुळे गंमत अशी झाली, की एका पिढीच्या गाडीसाठी बनवलेली रिम दुसऱ्या पिढीच्या गाडीवर बसू शकते. बोल्टांचे आटे वेगळे असतील, मधलं भोक जुळवून घ्यावं लागेल, पण पाच छिद्रं समोरासमोर येतात. चाक बनवणाऱ्या कारागिराला एकच साचा ठेवून जीप, महिंद्रा, जिप्सी अशी सगळी गिऱ्हाइकं सांभाळता येतात. रुंद रिमांचा धंदा सोपा झाला तो या पाच बोल्टांमुळे.

आता रुंदी हवी कशाला? वाळूत किंवा भुसभुशीत मातीत चाक रुततं, कारण गाडीचं वजन थोड्या जागेवर पडतं. जागा वाढवली की दाब कमी होतो. सैन्याने हे फार आधी ओळखलं होतं, पण त्यासाठी नेहमी रिमच रुंद केली असं नाही. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९२०च्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या साध्या गाड्यांतून लिबियाचं वाळवंट पालथं घातलं. त्याचा उपाय म्हणजे टायरमधली हवा कमी करायची आणि गाडी अडकलीच तर चाकाखाली लोखंडी पत्रे सरकवायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जमिनीवर आणि पाण्यात चालणारा ‘डक’ नावाचा ट्रक काढला. त्यात ड्रायव्हर बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करू शकत असे. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो आणि टेकणारी जागा वाढते. याला खर्च जवळजवळ नाही.

चिखलाचं गणित आणखी वेगळं. वर चार बोटं चिखल आणि खाली घट्ट जमीन असेल, तर अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो आणि रुंद टायर वरच तरंगत घसरतो. म्हणजे वाळवंटात शहाणपणाची ठरणारी रुंदी आपल्या पावसाळी घाटात काही वेळा आडवी येते.

बरं, हवा कमी केली की टायरची कड रिमवरून सुटण्याची भीती असते. जीपच्या काळात यावर तोड निघाली होती. रिम दोन तुकड्यांची करून ते तुकडे नट-बोल्टांनी आवळायचे, म्हणजे टायर बसला तरी कड जागा सोडत नाही. टायरमध्ये हवा असताना हे नट सैल केले तर तुकडा गोळीसारखा उडतो, म्हणून जुने मेकॅनिक त्या चाकापासून जपून असत. इथे आजच्या हौसेतली एक मोठी चूक दिसते. टायर जुनाच, नेहमीच्या रुंदीचा, आणि रिम मात्र आठ इंची. मग कडा बाहेर ताणल्या जातात, आणि हवा कमी केली की त्या लवकर सुटतात.

आता मुख्य मुद्दा. जिप्सीची मूळ रिम साडेपाच इंची. तिच्या जागी आठ इंची बसवली तर अडीच इंच वाढले. हे अडीच इंच आत घालता येत नाहीत, कारण आत पाटे आहेत, स्टेअरिंगचे दांडे आहेत. म्हणून सगळी वाढ बाहेर काढली जाते. चाकाचा मध्य सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर, बाहेर सरकतो.

हीच गोष्ट कंपनीनेही केली होती, बरं का! जुलै १९९३ मध्ये मारुतीने ‘वाइड ट्रॅक’ जिप्सी काढली. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवलं, प्रत्येक बाजूला ४५. मडगार्डना बाहेर उठून दिसणारी कड लावली. गाडी वळणावर जास्त स्थिर झाली. पण कंपनीने रुंद केले ते अॅक्सल. चाक आणि बेअरिंग यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच राहिलं. आपण रिम बाहेर काढतो तेव्हा अॅक्सल तोच राहतो आणि चाक बेअरिंगपासून लांब जातं. पाण्याची बादली अंगाशी धरणं आणि हात लांब करून धरणं, यात जो फरक तोच इथे. वजन तेवढंच, पण खांदा भरून येतो. गाडीत तो खांदा म्हणजे चाकाचं बेअरिंग आणि स्टेअरिंगचा सांधा. खड्ड्यात गेल्यावर स्टेअरिंग हाताला हिसका देतं, तेही यामुळेच.

रिम कशी रुंद केली हेही महत्त्वाचं. नवी रिम वाकवून मूळ मापाच्या डिस्कवर बसवणं हा एक मार्ग. दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे जुनी रिम मधून चिरायची, पट्टी घालायची आणि वेल्ड मारायचं. गाडीचं सगळं वजन मग त्या वेल्डवर. ते किती खोल गेलंय हे वरून रंग मारल्यावर कुणालाच दिसत नाही. आपल्याकडे सैन्याच्या गाड्यांच्या चाचण्या घ्यायला अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, संरक्षण संशोधन खात्याची स्वतंत्र संस्था आहे. तिथल्या कसोट्यांतून गाडी जाते ती पूर्ण गाडी म्हणून, मूळ चाकांसह. आपण चाक बदललं की त्या कसोट्यांचा आधार आपण स्वतःच काढून टाकतो.

कायद्याची बाजूही आहे. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विम्याच्या दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न याचाच निघू शकतो.

मग रुंद रिम लावूच नये का? लावणारे लावतात, आणि काहींना खरोखर गरज असते. पण कारागिराला चार गोष्टी विचारा. वाढलेली रुंदी आत किती, बाहेर किती? टायर त्या रिमच्या मापाचा आहे का? रिम नवी वाकवलेली की चिरून जोडलेली? आणि वेल्ड रंगाआधी दाखवाल का? उत्तर टाळलं गेलं तर दुसरं दुकान बघा. एवढं करूनही आधी एक स्वस्त प्रयोग करा. मूळ चाकांतली हवा थोडी कमी करून तोच रस्ता पुन्हा चढून बघा आणि डांबरी रस्त्यावर येताच हवा पूर्ववत भरा. पुष्कळांचं काम तिथेच भागतं.

आणि काढलेल्या पाच मूळ रिमा भंगारात घालू नका. सैन्यातून आलेली गाडी पुढे कुणाला मूळ रूपात उभी करायची असेल, तर इंजिनाचे भाग एक वेळ मिळतील, सैन्याच्या रंगातल्या त्या पाच रिमा मिळणार नाहीत.