उणे वीस अंशांत गाडी सुरू करताना

निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरला किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गाड्यांच्या टपावर दवबिंदू गोठले, की आपल्याकडे त्याची छायाचित्रासह बातमी होते. अशा सकाळीही गाडी मात्र फारशी कुरकूर न करता सुरू होते. हिमाचल प्रदेशातील काझा किंवा लडाखमधील लेह आणि द्रास येथे जानेवारीच्या रात्री पारा उणे १५ ते उणे २५ अंश सेल्सियसपर्यंत उतरणे ही नित्याची बाब आहे. पूर्वी या दिवसांत महाराष्ट्रातून स्वतःची गाडी घेऊन तिकडे जाणारे विरळाच. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौल खोऱ्याची वाट हिवाळ्यातही मोकळी झाली. शिमला-किन्नौरमार्गे काझाला जाणारा रस्ताही जोरदार हिमवृष्टीचे दिवस वगळता सहसा चालू असतो. त्यामुळे ‘एमएच’ पाटीच्या गाड्या आता भर हिवाळ्यात बर्फात दिसू लागल्या आहेत.

या गाड्यांत दोष नसतो. दोष असतो तो त्यांच्यात भरलेल्या द्रवांत. इंधन, इंजिन ऑइल, कूलंट आणि बॅटरीतील आम्ल हे चारही द्रव दख्खनच्या हवामानाला पुरेसे असतात. उणे वीस अंशांत प्रत्येक जण वेगळ्या कारणाने दगा देतो. त्यावरचा उपाय काझाच्या हॉटेलसमोर नव्हे, तर निघण्याआधी आपल्या शहरातील गॅरेजमध्ये करावा लागतो.

पाण्याने ‘टॉप-अप’ करण्याची सवय

सर्वांत महाग पडणारी चूक कूलंटची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलंटची पातळी खाली गेली, की पेट्रोल पंपावरील नळाचे पाणी ओतून वेळ मारून नेली जाते. असे दोन-तीनदा झाले, की रेडिएटरमध्ये उरतो तो फक्त हिरवट रंग. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि त्या दाबाने रेडिएटर फुटू शकतो, प्रसंगी इंजिनच्या ब्लॉकलाही तडा जातो. मग खर्चाचा आकडा सहलीच्या खर्चापेक्षा मोठा होतो.

इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पाणी कमी आणि ग्लायकॉल जास्त असेल तर अधिक सुरक्षित, असे मात्र नाही. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. निघण्यापूर्वी जुने कूलंट पूर्ण काढून नवे भरावे, आणि ते पाणी मिसळून वापरायचे आहे की तयार मिश्रण आहे, हे डब्यावर वाचून घ्यावे. मेकॅनिकने ‘पाणी चालतं हो’ म्हटले तरी येथे ऐकू नये. काच धुण्याच्या टाकीतील साध्या पाण्यालाही हाच नियम लागू आहे.

डिझेलमधील मेण

पेट्रोल या तापमानाला गोठत नाही. थंडीत त्याची वाफ नीट होत नाही एवढेच, आणि आधुनिक फ्युएल इंजेक्शन जास्त इंधन सोडून ती उणीव भरून काढते. डिझेलची गोष्ट निराळी आहे. डिझेलमध्ये मूळचेच मेणासारखे घटक असतात. तापमान उतरले की त्यांचे सूक्ष्म स्फटिक होतात, डिझेल गढूळ दिसू लागते आणि ते स्फटिक फिल्टरच्या कागदावर साचून वाट बुजवतात. टाकी भरलेली, पण इंजिनपर्यंत थेंब पोहोचत नाही, असा हा प्रकार. गाडी सुरू होऊन दोन-चार मिनिटांत बंद पडली, तर संशय प्रथम फिल्टरवर घ्यावा.

भारतीय मानकांनुसार, डिझेल फिल्टरमधून वाहू शकते त्या किमान तापमानाची कमाल मर्यादा उन्हाळ्यात १८ अंश आणि हिवाळ्यात ६ अंश आहे. हे अंक शून्याच्या वरचे आहेत, खालचे नव्हेत! प्रत्यक्षात मिळणारे डिझेल या मर्यादेपेक्षा बरेच सरस असू शकते. पण मैदानी प्रदेशात भरलेले डिझेल उणे वीस अंशांत वाहील, अशी हमी कोणीही दिलेली नाही. हीच अडचण ओळखून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाख, कारगिल, काझा आणि केलाँगसारख्या भागांसाठी खास हिवाळी डिझेल आणले. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होणाऱ्या या डिझेलचा प्रवाहीपणा उणे ३३ अंशांपर्यंत टिकतो.

म्हणून शिमला वा मनालीत टाकी काठोकाठ भरून वर चढण्याऐवजी, पोहोचण्यापुरते डिझेल ठेवून शेवटच्या पंपावर स्थानिक हिवाळी डिझेल भरणे शहाणपणाचे. ते उपलब्ध असल्याची चौकशी मात्र आधी करावी. वर पोहोचल्यावर टाकी भरलेली ठेवावी. अर्धवट टाकीतील हवेतली वाफ पाणी होऊन खाली उतरते आणि तेच पाणी फिल्टरमध्ये गोठते. बाजारात मिळणारी मेणरोधक रसायने स्फटिक होण्याआधी टाकली तरच उपयोगी पडतात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी युक्ती काही चालक आजही सांगतात. जुन्या ट्रकच्या इंजिनांना ती पचत असे. आजच्या कॉमन रेल इंजिनातील उच्च दाबाच्या पंपाला डिझेलच्याच वंगणाची गरज असते आणि रॉकेलमुळे ते कमी होते. ही युक्ती टाळावी.

‘बीएस-६’ डिझेल गाड्यांपैकी ज्यांना युरियाचे द्रावण लागते, त्यांच्या मालकांनी ते द्रावण उणे ११ अंशांना गोठते हे ऐकून घाबरू नये. त्या टाकीला गरम करण्याची सोय बहुधा असते आणि ते गोठले तरी गाडी सुरू होते.

बॅटरी आणि ऑइल

उणे १८ अंशांच्या आसपास नेहमीची शिसे-आम्ल बॅटरी आपल्या ताकदीच्या जेमतेम निम्मी ताकद देते. त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा किती तरी अधिक जोर लागतो. पुण्यात तीन वर्षे निमूटपणे सेवा देणारी बॅटरी काझात पहिल्याच सकाळी ‘टक टक’ करून गप्प होते ती याचमुळे. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर बदलूनच निघावे. पूर्ण भरलेली बॅटरी या थंडीत गोठत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी मात्र उणे १० अंशांच्या आसपासही गोठू शकते. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून केबल लावू नये. ती फुटण्याचा धोका असतो.

ऑइलच्या डब्यावर ‘डब्ल्यू’च्या आधी येणारा आकडा थंडीतील वागणूक सांगतो. २०-डब्ल्यू ऑइलची सेल्फ मारण्याच्या वेळची चाचणी उणे १५ अंशांना घेतली जाते, १५-डब्ल्यूची उणे २० अंशांना, ५-डब्ल्यूची उणे ३० आणि ०-डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. गाडीच्या पुस्तिकेत मान्य असलेल्या ऑइलपैकी सर्वांत लहान आकड्याचे निवडावे.

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना यातले काहीच नवे वाटणार नाही. विनिपेग किंवा एडमंटनला गाडीच्या पुढून विजेचा प्लग लोंबत असतो. रात्री तो लावला की इंजिनमधील हीटर ब्लॉक कोमट ठेवतो. सैबेरियातील याकुत्स्कमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास असते. तेथे गाडी तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवतात, जाड रजईत गुंडाळतात किंवा इंजिन बंदच करत नाहीत. आपल्या हिमालयात अशा सोयी जवळपास नाहीत. ट्रकचालक ऑइलच्या चेंबरखाली स्टोव्ह किंवा शेकोटी पेटवतात. आजच्या गाडीखाली प्लॅस्टिकचे भाग, वायरी आणि इंधनाच्या नळ्या असतात. हा प्रयोग पर्यटकाने करून पाहू नये.

चावी फिरवताना

हेडलाइट, ब्लोअर, रेडिओ सर्व बंद करावे. डिझेल गाडीत चावी ‘ऑन’ करून ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे, चावी मागे घेऊन हेच पुन्हा एकदा करावे. विरळ हवेत दाबाने मिळणारी उष्णता कमी पडते, म्हणून ही दुसरी खेप. क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारावा, पण एका वेळी दहा सेकंदांहून अधिक नाही. नंतर निदान मिनिटभर विश्रांती. इंजिन सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटर दाबून ‘गरम करण्याचा’ मोह आवरावा. ऑइल अजून टर्बोपर्यंत पोहोचलेले नसते. एक-दोन मिनिटांनी हळूहळू चालू लागणे हाच इंजिन तापवण्याचा चांगला मार्ग आहे.

टायरमधील हवा तपासावी ती तिथल्या पहाटे. तापमान ५० अंशांनी उतरले की दाब आठ-नऊ पीएसआयने घटतो. उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने मापकावर त्यातील बरीच घट भरून निघालेली दिसते. त्यामुळे घरच्या हिशेबावर विसंबून हवा जास्त भरून नेण्यात अर्थ नाही. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतले तर काच तडकते. विजेवरील गाड्यांना सुरू होण्याची चिंता नाही, पल्ल्याची आहे: अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनचालक संघटनेच्या २०१९ मधील चाचणीत सुमारे उणे ७ अंशांना हीटर लावल्यावर पल्ला ४१ टक्क्यांनी घटला होता.

सुरू असलेल्या गाडीचा धोका

गाडी सुरू न होणे ही गैरसोय आहे. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून आत झोपणे जिवावर बेतू शकते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून अधिक पर्यटक मृत्युमुखी पडले. काहींचा बळी कडाक्याच्या थंडीने घेतला, तर काहींचा कार्बन मोनॉक्साइडने. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले की धूर गाडीखाली साचतो आणि आत झिरपतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, झोप येते आणि माणूस उठत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार वाहने बर्फात अडकली होती, म्हणजे असा प्रसंग आपल्यापासून फार दूर नाही.

अडकल्यास प्रथम खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने काढावा. इंजिन तासाला दहा मिनिटे चालवावे, त्या वेळी एक काच बोटभर उघडी ठेवावी आणि दर खेपेस सायलेन्सर पुन्हा पाहावा. सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. ऊब देण्याचे काम ब्लँकेटवर सोपवावे. गाडीत शेगडी पेटवू नये.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नये, कारण ओले ब्रेक गोठून चाकाला चिकटतात. गाडी सपाटीवर गिअरमध्ये ठेवावी, चाकामागे दगड लावावा, वायपर उभे करावेत. बोनेटचे तोंड पूर्वेकडे ठेवावे आणि दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमात पहाटे सहाची वेळ लिहू नये. दहाच्या सुमारास ऊन बोनेटवर आले, की रात्री हटून बसलेल्या अनेक गाड्या आपसूक सुरू होतात.