स्कॅन झालं, आता रद्दीत?

परवा विरारला मित्राकडे गप्पा चालल्या होत्या. विषय निघाला तहसीलच्या जुन्या गठ्ठ्यांचा. तो म्हणाला, "सगळं स्कॅन होतंय ना, मग टाका की ते रद्दीत!" मी पडलो डेटाबेसवाला, मला हे पटायला हवं होतं. पण नाही पटलं.

आपला वसईचा किल्लाच घ्या. चिमाजी अप्पांनी तो १७३९ मधे पोर्तुगीजांकडून घेतला हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्या मोहिमेतली रोजची धडपड कळते ती पेशवे दफ्तरातल्या मोडी पत्रांमुळे. इंग्रजांनी ते दफ्तर काही इतिहासाच्या प्रेमाने सांभाळलं नाही. त्यांना इनामांचे दावे तपासायचे होते, १८५२ मधे त्यासाठी कायदाही झाला. गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, ते थेट १९३० नंतर!

२०२३ मधे पुन्हा तेच. न्या. संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद चाळले गेले, पहिल्या अहवालात कुणबी नोंदी निघाल्या ११,५३०. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, पण कोतवाल बुकात जन्म-मृत्यू लिहिणाऱ्याला पणतवंडांच्या दाखल्याची काय कल्पना असणार?

उलट उदाहरण ब्रिटनचं. कॅरिबियन बेटांवरून बोटीने आलेल्या लोकांची जुनी नोंदणी कार्डं तिथल्या गृहखात्याने २०१० मधे नष्ट केली. पुढे लहानपणी आलेल्या म्हाताऱ्यांनाच पुरावे मागितले गेले. २०१८ मधे केवढा गदारोळ झाला!

आम्ही डेटाबेस करतो तेव्हा आधी कॉलम ठरवतो. आज जो प्रश्न सुचला नाही त्याचा कॉलम नसतो. स्कॅन त्यापेक्षा बरं, पण समास कापला गेला, मोडी अक्षर पुसट आलं, तर पुन्हा स्कॅन कशाचं करणार?

सगळंच ठेवा असं नाही म्हणत मी. महसूल दफ्तरात अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहेच. 'अ' कायम ठेवायचं, 'ड' वर्षभराने काढायचं. ती कागदात काय आहे ते बघून ठरते, आणि तेच बरोबर आहे. 'स्कॅन झालं' हे काही फाडायचं कारण नव्हे.

ऑफिसात बॅकअप घेतल्यावर ओरिजिनल डिलीट करणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहीत नाही :) असो. मित्राला एवढंच म्हटलं, "तुझ्या आजोबांचा फेरफार आधी शोध, मग रद्दीवाल्याला बोलाव."